आवरण आणि विडंबन : 'द ट्वायलाइट झोन' व 'ट्रीहाउस ऑफ हॉरर' यांचा ऐतिहासिक दृष्टीने विचार

१

इतिहासाची साधने म्हटली की आपल्याकडील अभ्यासकांच्या डोळ्यांसमोर दफ्तरे, सनदा, पत्रव्यवहार, बखरी आणि शिलालेख उभे राहतात. अव्वल साधन कोणते, दुय्यम कोणते, कोणत्या साक्षीवर कितपत विसंबावे, याविषयीची शिस्त मराठी इतिहाससंशोधनात चांगली रुजलेली आहे. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याच्या हाती जी साधने येतात त्यांपैकी कित्येक कागदावरची नाहीत. दूरचित्रवाणीवरील करमणुकीचे कार्यक्रम हे असेच एक साधन होय. आणि त्यांतही विडंबन हा प्रकार तर सर्वांत संशयास्पद. ज्याचा धर्मच विपर्यास करणे हा आहे, त्याची साक्ष ग्राह्य कशी मानावी?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एका अमेरिकन उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे. १९५९ ते १९६४ या काळात 'द ट्वायलाइट झोन' ही विज्ञानकथांची व अद्भुतकथांची मालिका अमेरिकेत दाखविली गेली. पुढे १९९० पासून 'द सिम्प्सन्स' या विनोदी व्यंगचित्रमालिकेने दरवर्षी एक भाग अशा भीतिकथांच्या विडंबनासाठी राखून ठेवला. 'ट्रीहाउस ऑफ हॉरर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या भागांत साधारणतः तीन-तीन स्वतंत्र कथा असतात, आणि त्यांतील कित्येक 'ट्वायलाइट झोन'च्या कथांवरच बेतलेल्या आहेत. मूळ कृती व विडंबन यांच्यामध्ये सुमारे तीस वर्षांचे अंतर आहे, ही गोष्ट येथे महत्त्वाची. केशवकुमारांच्या 'झेंडूची फुले'मधील विडंबनांचे लक्ष्य समकालीन काव्यसंप्रदाय हे होते. समकालीन विडंबन ही टीका असते. एका पिढीच्या अंतराने केलेले विडंबन मात्र मुख्यतः स्मरण असते, आणि स्मरणात काय टिकले व काय गळले हे पाहणे हे तर इतिहासकाराचेच काम आहे.

२

प्रथम मूळ मालिकेचा जन्म कोणत्या परिस्थितीत झाला ते पाहू. तिचा कर्ता रॉड सर्लिंग (१९२४-१९७५) हा दुसऱ्या महायुद्धात फिलिपाइन्समध्ये लढलेला सैनिक. युद्धानंतर तो रेडिओसाठी व मग दूरचित्रवाणीसाठी नाटके लिहू लागला. त्या काळी अमेरिकन दूरचित्रवाणीवर बहुधा एकेका कार्यक्रमामागे एकेक उद्योगसंस्था पुरस्कर्ता म्हणून उभी असे, आणि आपल्या मालाच्या गिऱ्हाइकाला दुखवील असे काहीही संहितेत राहू नये यावर तिचा व तिच्या जाहिरात-मध्यस्थांचा कटाक्ष असे. राजसत्तेचा अभ्यवेक्षक जे काम करतो ते येथे बाजारपेठेने केले.

याचे ठळक उदाहरण १९५६ मधील आहे. आदल्या वर्षी, ऑगस्ट १९५५ मध्ये, मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची हत्या झाली होती, आणि आरोपी निर्दोष सुटले होते. या घटनेवरून सर्लिंगने 'नून ऑन डूम्सडे' हे नाटक लिहिले. दक्षिणेतून निषेधाची पत्रे येऊ लागताच नाटकाचा कायापालट सुरू झाला. बळी पडलेला माणूस कोणी एक अनाम परदेशीय झाला. घटनास्थळ दक्षिणेतून उचलून न्यू इंग्लंडमध्ये नेण्यात आले. एका विशिष्ट पेयाच्या बाटल्यांनी दक्षिणेची आठवण होईल म्हणून त्याही रंगमंचावरून हलविण्यात आल्या. १९५८ मध्ये 'अ टाउन हॅज टर्न्ड टू डस्ट' या नाटकात त्याने तोच विषय पुन्हा हाती घेतला. तेव्हा काळ एकोणिसाव्या शतकात मागे ढकलला गेला आणि बळी मेक्सिकन झाला. अमेरिकन सिनेटवरील 'दि अरीना' या नाटकातील सिनेटरांना तर चालू राजकारणातील एकाही प्रश्नावर बोलण्याची मुभा नव्हती. या अनुभवाविषयी सर्लिंगने १९५७ मध्ये लिहून ठेवले आहे की, याऐवजी आपण ही कथा शंभर वर्षे पुढे नेऊन सिनेटमध्ये यंत्रमानव बसविले असते, तर कदाचित अधिक प्रौढपणे बोलता आले असते.

या उद्गारात उपरोध आहे. पण 'ट्वायलाइट झोन'चे बीजही त्यातच आहे. २ ऑक्टोबर १९५९ रोजी मालिका सुरू झाली. त्यापूर्वी काही दिवस दिलेल्या मुलाखतीत, पुरस्कर्त्यांशी भांडून आपण थकलो आहोत असे त्याने सांगितले होते. ऐकणाऱ्याला ही शरणागती वाटली असावी. परंतु पुढील पाच वर्षांत प्रक्षेपित झालेल्या १५६ भागांकडे पाहता, आणि त्यांतील ९२ भाग त्याने स्वतः लिहिले हे ध्यानात घेता, त्याने भांडण सोडले नव्हते, केवळ वेष बदलला होता, असेच म्हणावे लागते. परग्रहवासी, यंत्रमानव, काळाच्या फटी, बोलणाऱ्या बाहुल्या हे सर्व आवरण होते. वर्णद्वेष, जमावाची हिंसा, अणुयुद्धाची धास्ती हे विषय जे नाव घेऊन मांडता येत नव्हते, ते या आवरणाखालून दिवाणखान्यात शिरले.

३

४ मार्च १९६० रोजी दाखविलेला 'द मॉन्स्टर्स आर ड्यू ऑन मेपल स्ट्रीट' हा भाग या पद्धतीचा नमुना होय. एका शांत मध्यमवर्गीय वस्तीतील वीज अकस्मात जाते, मोटारी बंद पडतात. एक मुलगा सांगतो की, परग्रहावरून येणारे लोक आपली काही माणसे आधीच शेजारी म्हणून पेरून ठेवतात, असे त्याने गोष्टीत वाचले आहे. तेवढ्यावर शेजारी शेजाऱ्याकडे संशयाने पाहू लागतो, एका निरपराध माणसाला गोळी लागते, आणि रात्र संपण्यापूर्वी वस्तीत दंगल माजते. परग्रहवासी खरोखरच टेकडीवर असतात. पण त्यांना वीज खेळविण्यापलीकडे काहीच करावे लागत नाही. कम्युनिस्टांच्या शोधार्थ माणसांमागे माणसे लावणाऱ्या दशकाचा हा पंचनामा होता, आणि त्यात कोणाचेही नाव नव्हते.

याच्या उलट टोकाला २ मार्च १९६२ चा 'टू सर्व्ह मॅन' हा भाग आहे. डेमन नाइट याच्या १९५० मधील कथेवर तो आधारलेला आहे. कॅनामिट नावाचे नऊ फूट उंचीचे परग्रहवासी पृथ्वीवर येतात, दुष्काळ संपवितात, सैन्ये निरुपयोगी करून टाकतात. त्यांच्याजवळील ग्रंथाचे शीर्षक तेवढे उलगडते, ते 'मानवाची सेवा' अशा अर्थाचे. माणसे आनंदाने त्यांच्या यानांत चढू लागतात, आणि शेवटी कळते की तो ग्रंथ पाककृतींचा आहे. सारी कोटी शीर्षकातील एका इंग्रजी क्रियापदावर आहे. त्याला 'सेवा करणे' आणि 'पानात वाढणे' असे दोन्ही अर्थ आहेत. येथील शिकवण 'मेपल स्ट्रीट'च्या अगदी विरुद्ध दिसते. तेथे संशयाने घात केला, येथे विश्वासाने. शीतयुद्धाच्या मानसिकतेची ही दोन टोके एकाच मालिकेत दोन वर्षांच्या अंतराने आढळतात, हे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

४

ऑक्टोबर १९९० मध्ये पहिला 'ट्रीहाउस ऑफ हॉरर' दाखविण्यात आला. त्यातील दुसरी कथा 'टू सर्व्ह मॅन'चे विडंबन आहे. सिम्प्सन कुटुंबास परग्रहवासी आपल्या यानात घेऊन जातात व पंचपक्वान्नांनी त्यांचे आदरातिथ्य करतात. त्या दोन मुख्य परग्रहवासीयांची नावे कँग व कोडोस ही असून ती 'स्टार ट्रेक' या १९६० नंतरच्या दशकातील दुसऱ्या विज्ञानमालिकेतील पात्रांची आहेत. घरातील हुशार मुलगी लिसा हिला संशय येतो. स्वयंपाकघरात तिला एक ग्रंथ सापडतो. त्यावर लिहिलेले असते, 'मानवांना कसे शिजवावे'. परग्रहवासी वरची धूळ फुंकतो, तेव्हा 'मानवांसाठी कसे शिजवावे' असे दिसते. लिसा पुन्हा फुंकते : 'चाळीस मानवांना कसे शिजवावे'. शेवटची धूळ उडते आणि खरे नाव प्रकट होते : 'चाळीस मानवांसाठी कसे शिजवावे'. यजमान दुखावतात, त्यांना रडू येते, आणि ते कुटुंबाला पृथ्वीवर परत सोडून देतात. ज्या सुखाच्या लोकाकडे ते निघाले होते तो कायमचा अंतरतो. त्या यानात राक्षस होते खरे, पण ते आपणच, अशा अर्थाची कबुली लिसाला द्यावी लागते.

वरवर पाहता हा केवळ शब्दांचा खेळ आहे. परंतु मागील विवेचन ध्यानात घेतल्यास एक गोष्ट दिसेल : हे विडंबन सर्लिंगच्या एका कथेचा सांगाडा घेऊन त्याच्याच दुसऱ्या कथेच्या निष्कर्षाला पोहोचते. सांगाडा 'टू सर्व्ह मॅन'चा, तात्पर्य 'मेपल स्ट्रीट'चे. शत्रू बाहेर नसून संशयात आहे, हे जे १९६० मध्ये गांभीर्याने सांगितले गेले, तेच १९९० मध्ये हसत सांगितले गेले. विडंबनकार मूळ कृतीचा शत्रू असतो ही समजूत येथे टिकत नाही.

३१ ऑक्टोबर १९९१ च्या भागातील एक कथा 'इट्स अ गुड लाइफ' या नोव्हेंबर १९६१ मधील कथेवर आहे. मूळ कथा जेरोम बिक्स्बी याची, नाट्यरूप सर्लिंगचे. पीक्सव्हिल या गावातील अँथनी नावाच्या सहा वर्षांच्या मुलापाशी मनात येईल ते घडवून आणण्याची शक्ती आहे. त्याने गाव जगापासून तोडले आहे, आणि गावकऱ्यांनी सदैव चांगलेच बोलावे, चांगलेच चिंतावे अशी सक्ती आहे. एक गृहस्थ मद्याच्या भरात तोंड उघडतो आणि इतरांना विनवितो की, मुलाचे लक्ष माझ्याकडे आहे तोवर कोणी तरी याचा अंत करा. कोणीही हलत नाही. त्या गृहस्थाचे खोक्यातून उसळणारे स्प्रिंगचे बाहुले होते. लहरी हुकूमशाहीखाली सामान्य माणूस कसा गप्प बसतो आणि पुढे त्या गप्प बसण्यालाच सुख कसे म्हणू लागतो, याचे इतके भेदक चित्र त्या काळच्या दूरचित्रवाणीवर क्वचितच आढळेल.

विडंबनात ही शक्ती बार्ट या खोडकर मुलापाशी येते. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना गंमत वाटावी असा एक तपशील त्यात आहे : परीक्षेत बार्टने लिहिलेली चुकीची उत्तरे हाच देशाचा अधिकृत इतिहास ठरतो, व शिक्षिका तो हसतमुखाने मान्य करते. हुकूमशाहीचे मूळ सूत्र येथपर्यंत शाबूत आहे. परंतु बार्टचा बाप होमर याचे स्प्रिंगचे बाहुले झाल्यावर कथा वळण घेते. मानसोपचारतज्ज्ञ सल्ला देतो की, बापाने मुलासाठी वेळ काढावा. बापलेक एकत्र हिंडतात, प्रेम उत्पन्न होते, बार्ट होमरला पूर्ववत करतो. आणि त्या प्रेमाच्या दृश्यानेच भयभीत होऊन बार्ट किंचाळत झोपेतून जागा होतो. १९६१ मधील सत्तेचा प्रश्न १९९१ मध्ये बालसंगोपनाचा प्रश्न झाला.

तिसरे उदाहरण ऑक्टोबर १९९३ मधील. मूळ कथा 'नाइटमेअर ॲट २०,००० फीट'; लेखक रिचर्ड मॅथेसन; प्रक्षेपण ११ ऑक्टोबर १९६३. मानसिक आजारातून नुकताच उठलेला एक प्रवासी विमानाच्या पंखावर एक विचित्र प्राणी यंत्र उचकटताना पाहतो. कोणीच विश्वास ठेवीत नाही. शेवटी त्याला बांधून नेतात. पण मोडलेल्या यंत्राचा पुरावा प्रेक्षकाला दिसतो आणि तो माणूस खरा होता हे पटते. विडंबनात विमानाच्या जागी शाळेची बस आहे, प्रवाशाच्या जागी बार्ट. बसची मोडतोड सर्वांनाच दिसते. तरीही मुख्याध्यापकांचा निर्णय ठरलेला असतो : तू बरोबर असशील वा चूक, तुझे वर्तन शिस्तभंगाचे होते, तेव्हा वेड्यांच्या इस्पितळात जा. मूळ कथेत सत्य झाकले गेल्याची व्यथा होती. येथे सत्य उघड आहे, पण त्याचा उपयोग नाही. विडंबन येथे मूळ कथेपेक्षा अधिक कठोर झाले आहे.

५

यावर एक आक्षेप साहजिकच येईल. प्रेक्षकाला मूळ शेवट ठाऊक असतो. त्याला हसवावयाचे तर शेवट उलटाच करावा लागतो. मग त्या उलटण्यातून काळाचे मनोगत वाचणे म्हणजे दोरीला साप समजणे नव्हे काय? आक्षेप निराधार नाही, आणि अशा साधनांचा उपयोग करणाऱ्याने तो सतत समोर ठेवला पाहिजे. तथापि शेवट उलटविणे भाग असले, तरी तो कोणत्या दिशेने उलटवावा हे भाग नसते. 'टू सर्व्ह मॅन' अनेक प्रकारे उलटविता आली असती. कँग-कोडोस अपचनाने मेले असते तरी हशा पिकला असता. परंतु तिन्ही उदाहरणांत भीतीचे स्थान बाहेरून आत सरकले आहे : अंतराळातून स्वतःच्या संशयात, हुकूमशाहीतून बापलेकांच्या नात्यात, विमानातून शाळेच्या बसमध्ये. एका कथेत असे झाले असते तर योगायोग म्हणता आला असता. बर्लिनची भिंत नोव्हेंबर १९८९ मध्ये पडली व सोव्हिएट संघ डिसेंबर १९९१ मध्ये विसर्जित झाला, हे या भागांच्या तारखांजवळ मांडून पाहावे. एकाने दुसरे घडविले असा दावा येथे नाही. पण ज्या बाह्य शत्रूच्या सावलीत मूळ कथा उभ्या होत्या ती सावली विरळ होत असताना त्या कथा घरगुती झाल्या, एवढे म्हणणे पुराव्याला धरून आहे.

स्मरणाचीही एक गंमत येथे नोंदवावीशी वाटते. ऑक्टोबर १९९५ च्या भागात होमर भिंतीतून त्रिमिती विश्वात जाऊन पडतो. हे 'लिटल गर्ल लॉस्ट' या १९६२ च्या कथेचे विडंबन. त्या वेळी होमर आपल्या अनुभवाची तुलना 'ट्वायलाइट झोन'शी करू पाहतो, पण त्याला मालिकेचे नावही धड आठवत नाही. म्हणजे विडंबनकाराला मूळ कृती बारकाव्यांसह पाठ आहे, तर त्याच्या पात्राला केवळ तिची अंधुक छाया ठाऊक आहे. पुनःप्रक्षेपणांमुळे आणि १९८३ च्या चित्रपटामुळे ही मालिका दुसऱ्या पिढीपर्यंत पोहोचली होती. परंतु पोहोचली ती घाट म्हणून, चकित करणारा शेवट म्हणून. टिलच्या हत्येवरील नाटक, त्यातून हलविलेल्या बाटल्या, सिनेटमधील मुके सिनेटर, हा सारा जन्मेतिहास वाटेत गळून गेला. आवरण टिकले; आवरण का घ्यावे लागले ते विसरले गेले.

६

हे आवरण निष्कारण झाल्याचा निर्णायक पुरावा २७ ऑक्टोबर १९९६ च्या भागात सापडतो. त्या वर्षीची अध्यक्षीय निवडणूक ५ नोव्हेंबर रोजी व्हावयाची होती. कथेत कँग व कोडोस हे बिल क्लिंटन व बॉब डोल या प्रत्यक्ष उमेदवारांची रूपे घेऊन प्रचारात उतरतात. भर सभेत होमर त्यांचे सोंग उघडे पाडतो. पण कँग-कोडोस शांतपणे बजावतात की, पक्ष दोनच आहेत, तेव्हा मत आम्हा दोघांपैकी एकाला देणे तुम्हांला भागच आहे. लोकांना ते पटते, कँग निवडून येतो, आणि पुढे मानेला साखळ्या बांधून राबताना होमरला समाधान एवढेच की आपण मत कोडोसला दिले होते.

१९५६ मध्ये सर्लिंगला सिनेटरच्या तोंडी एकही चालू प्रश्न घालता आला नाही, म्हणून त्याने यंत्रमानवांची आठवण काढली. त्यानंतर बरोबर चाळीस वर्षांनी दोन्ही उमेदवारांची नावे व चेहरे घेऊन, मतदानाच्या नऊ दिवस आधी, संपूर्ण निवडणूकपद्धतीचीच टर उडविता आली. या कथेत परग्रहवासीयांची गरजच नव्हती. जे उघड म्हणावयाचे ते उघड म्हटले जात होते. परग्रहवासी होते ते केवळ परंपरेचे सोंग म्हणून.

या स्वातंत्र्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. एमेट टिलचे नाव न घेता त्याच्यासाठी न्याय मागावा लागणे ही लाजिरवाणी गोष्ट होती. तिचे कौतुक करणे म्हणजे बेडीचे कौतुक करणे होय. बंधनांमुळेच श्रेष्ठ कला निर्माण होते, असे सुलभ सूत्रही यातून काढू नये. बंधनांनी विकृत करून टाकलेले 'नून ऑन डूम्सडे' त्याची साक्ष देईल. तरीही दोन्ही कृती शेजारी ठेवल्या असता एक प्रश्न उरतोच. 'मेपल स्ट्रीट' पाहणाऱ्याला कोणाचेही नाव ऐकू आले नाही, म्हणून त्याला स्वतःच्याच गल्लीकडे पाहावे लागले. १९९६ च्या प्रेक्षकाला नावे ऐकू आली, चेहरे दिसले, आणि त्याला मनमुराद हसता आले; पण हसून झाल्यावर साखळी मात्र पडद्यावरच्या होमरच्या गळ्यात राहिली. विडंबनकारांना याची जाण नव्हती असे म्हणता येत नाही. मुख्याध्यापकाने बार्टला वेड्यांच्या इस्पितळात धाडताना त्यांनी हेच सांगितले आहे की, सत्य दिसणे आणि सत्य मानले जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

तात्पर्य, विडंबन हे इतिहासाचे साधन ठरते ते त्यातील विधानांमुळे नव्हे. विधाने तर मुद्दामच वाकविलेली असतात. मूळ कृतीतील काय जपावेसे वाटले, काय अनावश्यक झाले, आणि भीतीचे स्थान कोठून कोठे हलले, या तीन गोष्टींची नोंद विडंबन नकळत करून ठेवते. मात्र ती वाचावयाची तर मूळ कृती आणि तिच्या जन्माची परिस्थिती या दोहोंची छाननी आधी करावी लागते. तशी छाननी न करता विडंबन पाहणारा होमरसारखाच, आपण जे पाहिले त्याचे नाव आठवीत बसेल.